कोळशावरच्या गाडीने तोडलेली कर

यमनाप्पा मला पहिल्यांदा नीट दिसला तो वर्गाच्या खिडकीत. बहात्तर सालचा जून महिना होता. निपाणीच्या मुलींच्या हायस्कूलमध्ये मी आठवीला विज्ञान शिकवत होते. "इंधन म्हणजे काय, कोण सांगेल?" असं मी विचारलं आणि मुली नेहमीप्रमाणे एकमेकींकडे पाहू लागल्या. तेवढ्यात खिडकीबाहेरून मोठा आवाज आला.

"जे सकाळी टाकीत असतंय आन् सांजच्याला नसतंय, त्येच इंधन!"

सगळा वर्ग हसला. एकच मुलगी मान खाली घालून बाकाची फळी नखाने कोरत राहिली. ती गंगव्वा. खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून उभा असलेला माणूस तिचा बाप होता.

"चुकलं का, बाई?" त्याने विचारलं.

"चुकलं नाही. अपुरं आहे."

"मग उद्या पुरं करून सांगतो," असं म्हणून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी खरंच आला आणि पहिल्यापेक्षा जास्त चुकीचं उत्तर देऊन गेला.

यमनाप्पाला गप्प बसणं माहीत नव्हतं. जे येत नाही तेही येतं म्हणायचा, आणि मग ते जमवण्यासाठी जिवाचं रान करायचा. त्याच्या बढाईचा मला पुष्कळ दिवस राग यायचा. पुढे लक्षात आलं, की हा माणूस आधी बोलतो ते स्वतःला माघार घेता येऊ नये म्हणून.

त्याची गाडी म्हणजे बेळगावच्या कॅम्पात लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी पिकअप. हिरवा रंग पोपडे धरून निघालेला, वर ताडपत्रीचं छप्पर. मागे एकच लांब बाक. तो चालकाच्या पाठीला टेकून उलटा बसवलेला, त्यामुळे त्यावर बसलेल्यांना मागे पडत जाणारा रस्ता दिसायचा. तवंदीचा घाट चढून मोठा रस्ता सोडला, की आत डोंगराच्या माथ्यावर माथेवाडी. तिथून तो रोज सहा-सात मुलींना निपाणीला आणायचा.

त्याआधी माथेवाडीच्या मुली गावातली शाळा संपली की तंबाखूच्या वखारीत निवडणीला जात. गंगव्वाला हायस्कूलला घालायचं यमनाप्पाने ठरवलं, पण एकटी मुलगी जाणार कशी, म्हणून त्याने घरोघर फिरून सोबतिणी मिळवल्या. गावात शब्द चालायचा भरमाण्णा पाटलांचा. त्यांनी चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "गाडी हाय तवर शाळा. गाडी थांबली की पोरी वखारीत. मग माझ्याकडं रडत येऊ नगा." त्यांची स्वतःची नात चंपा गंगव्वाच्याच शेजारी बसायची. शब्द तिलाही लागू होता.

दीड वर्ष सुरळीत गेलं. त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर कुठल्या तरी दूरच्या देशांतल्या लढाईमुळे पेट्रोल भडकलं. कधी भाव परवडायचा नाही, कधी पंपावर पाटीच लागायची. ज्या घरांनी मुलींना शाळेत घालायला इतके आढेवेढे घेतले, ती घरं आणखी पैसे देणार नव्हती, आणि यमनाप्पाने त्यांच्याकडे ते मागितलेही नाहीत. एका दुपारी तो शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला.

"बाई, पेट्रोलबिगर गाडी कशाकशावर चालती, त्येवढं सांगा. बाकीचं मी बगतो."

मी पुस्तकातून जमेल तेवढं सांगितलं. वीज, गोबरगॅस, मळीपासूनचा स्पिरिट. कोळशाचं मी सांगायच्या आधीच तो म्हणाला, "ते मला ठावं हाय. म्हायुद्धाच्या टायमाला कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस गाडीवर क्लीनर हुतो. लई घाण काम. ते सगळ्यात शेवटी."

त्याने सुरुवात विजेपासून केली. माझा भाचा परशराम बेळगावला उद्यमबागेत एका कारखान्यात होता. तिथल्या मोडीत निघालेल्या सामान ओढायच्या गाडीची मोटर त्याने मिळवून दिली, आणि ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या मागे ओळीने मांडल्या. सपाट रस्त्यावर काय सुरेख गेली! आवाज नाही, धूर नाही. इतकी मुकाट, की बाजारातली माणसं बाजूलाच होईनात. यमनाप्पा खिडकीतून ओरडत होता, "सरका की वो! गाडी हाय ही, भूत न्हाय!" घाटात निम्म्यावर बॅटऱ्या बसल्या. पुन्हा भरायच्या तर त्या वर्षी वीजकपात अशी, की दिवा लागला तरी लोक नमस्कार करायचे. बैल जोडून गाडी परत आणली आणि जुनं इंजिन पुन्हा जोडलं.

मग गोबरगॅस. गावात एकच गोबरगॅसची टाकी होती, पाटलांच्या गोठ्यामागे. पाटलांनी गॅस दिला, गंमत बघायला मिळणार म्हणून. यमनाप्पाने रबरी कापडाची मोठी पिशवी शिवून घेतली, फुगवली आणि ताडपत्रीवर बांधली. गाडी दिसेना, पिशवीच दिसे. वाडीतून निघाली ती झोकात मोठ्या रस्त्यापर्यंत आली, आणि तिथे पिशवी पार चपटी झाली.

"आली का न्हाय खालपातूर?" त्याने घरी येऊन बायकोला विचारलं.

सोनुबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "उताराला धोंडाबी येतोय. वर कवा जायाची ते सांगा."

स्पिरिटवर मात्र गाडी जोरात चालली. एका ओळखीच्याकडून त्याने डबा आणला होता. घाट तर तिने हसत काढला. पण दुसऱ्या दिवशी निपाणीच्या नाक्यावर हवालदाराने शिट्टी मारली.

"एन्री यमनाप्पा, काय हे, सकाळी सकाळी?"

"मी न्हाय पेलो, साहेब. गाडी पेलीया."

"वास दोघांचाबी येतोय."

परवान्यासाठी अर्ज केला. उत्तर आजतागायत आलं नाही. ज्याच्याकडून डबा आणला होता, तोही पुढे ओळख दाखवेना.

एव्हाना उन्हाळा आला होता. मिळेल तेवढ्या पेट्रोलवर मुलींची नववीची परीक्षा कशीबशी पार पडली होती आणि गाडी घरासमोर उभी होती. राहिला कोळसा. परशरामने पत्र्याचा उभा पिंप वेल्डिंग करून दिला. त्यात खाली विस्तव, वर कोळसा भरलेला. थोडीच हवा देऊन कोळसा कोंडून जाळायचा, म्हणजे जो वायू निघतो तो गार करून, गाळून इंजिनात सोडायचा. हा वायू विषारी असतो. तेव्हा पिंप पार मागच्या कोपऱ्यात, छपराच्या बाहेर बसवायचा असं मी बजावलं होतं. तेवढं त्याने ऐकलं.

एक मात्र ऐकलं नाही. कोळसा विकत का घ्यायचा, असं त्याच्या मनाने घेतलं. निपाणीत तंबाखूच्या काड्यांचे ढीग वखारींमागे पडलेले असतात, लोक त्या चुलीत घालतात. यमनाप्पाने पिंप काठोकाठ काड्यांनी भरला आणि आठवडी बाजाराच्या दिवशीच गाडी पेठेतून काढली, सगळ्यांनी बघावी म्हणून.

पहिल्यांदा एक म्हातारा शिंकला. मग भाजीवाल्या. मग सगळा रस्ता. माणसं डोळे पुसत दुकानांत शिरली, कापडवाल्याने फळ्या लावून घेतल्या, कुणाचा तरी घोडा शिंकत शिंकत टांग्यासकट गल्लीत गेला. "अरं, जर्दा खायाला घाल की, डोळ्यांत कशाला घालतोस!" असं कुणी तरी ओरडलं. पुढच्या चौकात इंजिनच बंद पडलं. काड्यांचा डांबरासारखा चीक आत बसला होता. ते खरवडून काढायला त्याला निम्मा मे महिना लागला.

त्याच सुमाराला चावडीवर भरमाण्णांनी विषय काढला. मी हे गंगव्वाकडून ऐकलं, पण तिने पाटलांचा आवाज इतका हुबेहूब काढला होता, की मी स्वतः तिथे असल्यासारखंच आहे.

"यमनाप्पा, गाडी थांबली न्हवं?"

"थांबली न्हाय, आण्णा. बसलीया. उठंल."

"कवा?"

"बेंदराला बगा."

कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात येतो, शाळा उघडतात त्याच सुमाराला. त्या दिवशी बैल सजवतात, आणि वेशीत गवताचा जाड दोर वळून, आंब्याची पानं खोचून आडवा बांधतात. त्याला कर म्हणतात. मानाचा बैल पळत येऊन कर तोडतो, मग गावाचा नवा हंगाम सुरू झाला असं धरतात. माथेवाडीत हा मान पाटलांच्या बैलाचा.

भरमाण्णा हसले. "बेंदराला व्हय? मग आसं कर. पेट्रोल न्हाय, बैल न्हाय, माणसाचा हात न्हाय, आन् पोरी गाडीत बसलेल्या. खालनं चढ चढून ये आन् तूच कर तोड. तोडलीस तर पोरी धाव्वीला. न्हाय तर धाव्वीबी न्हाय आन् त्येचा इषयबी न्हाय. माझी चंपाबी त्यातच."

लोक हसत होते. यमनाप्पा म्हणाला, "हुंद्या तसंच."

त्या रात्री जेवताना सोनुबाई एवढंच म्हणाली, "तुमचं तोंड हाय का वेशीचं दार?" आणि दुसऱ्या दिवशी ती उठून माहेरी गेली. गावाला वाटलं रुसून गेली. तिचं माहेर वडगावला, बेळगावजवळ. त्या गल्लीत दोन्ही बाजूंना कापड विणायचे मागच माग. तिसऱ्या दिवशी ती डोक्यावर गाठोडं घेऊन परत आली. गाठोड्यात मागावरचं टाकाऊ, गुंता झालेलं सूत होतं.

"दूध गाळतो तसा तुमचा धूर ह्यातनं गाळा," ती म्हणाली. "आन् कोळसा बाभळीचा आणा. फुकटचं पुरे झालं."

सुताचे थर भरलेल्या डब्यातून वायू स्वच्छ येऊ लागला. इंजिन ठोके धरून चालू लागलं. पण ताकद पेट्रोलपेक्षा कमीच. घाटाच्या मोठ्या रस्त्यावर ती रडतखडत चढली. माथेवाडीच्या आतल्या चढावर मात्र त्याने ती एकदाही भरून चढवून पाहिली नव्हती, कारण तिथे सगळं गाव पाहत बसलेलं असायचं.

बेंदराला त्याने मला पुरणपोळीला बोलावलं. "गाडीत पुढं बसा, बाई. म्हंजे कोण म्हणाया नको, पेट्रोल घातलं." टाकी त्याने रिकामी करून झाकण उघडं ठेवलं होतं, पाहिजे त्याने वास घ्यावा म्हणून. सोनुबाईने गाडीच्या पुढच्या बाजूला बाशिंग बांधलं होतं, दोन्ही दिव्यांवर शिंगांना लावतात तसा हिंगूळ फासला होता आणि घुंगरांची माळ घातली होती. मागच्या बाजूला नुसता काजळी धरलेला पिंप. मुली बाकावर एकमेकींना खेटून बसल्या.

मोठा रस्ता सोडला आणि चढ लागला. वरच्या बाजूला, वेशीपासून खालपर्यंत माणसं उभी होती. हलगी वाजत होती. पहिलं वळण आम्ही घेतलं. दुसरं घेतलं. वेस दिसायला लागली, तिच्यातली करही दिसली. आणि शेवटच्या उभ्या चढावर गाडी धापा टाकू लागली. यमनाप्पा पुढे वाकला, जणू अंगाने ढकलत होता. एक हिसका, दुसरा हिसका, आणि इंजिन गुदमरायला लागलं. तिसऱ्या हिसक्याला ती मागे सरकू लागली.

"धरा रं!" खालच्या बाजूने कुणी तरी धावलं.

"हात लावाचा न्हाय!" वरून भरमाण्णांची काठी उठली.

यमनाप्पाने गाडी सावरत सावरत उतारावरून मागे घेतली, पार खालच्या सपाटीपर्यंत. वर लोकांनी आरोळी ठोकली, "गेली! गेली माघारी!" हलगीवाल्याने हलगी थांबवली. माझ्या मागे, बाकाच्या पलीकडे, कुणी तरी हुंदका दिला. गंगव्वाने मात्र फळीवर मूठ आपटली.

"आप्पा! आता वं?"

यमनाप्पा पुढच्या काचेतून बाशिंगाकडे बघत बसला होता. मग एकदम त्याने स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

"कोळशाच्या सर्व्हिस गाडीवरचा आमचा म्हातारा डायव्हर काय करायचा, बाई? चिकोडीच्या चढाला?"

"मला काय माहीत?"

"सगळ्यात ताकदीचा गेर कुठला? मागं जायाचा!" तो ओरडला. "पोरींनो, घट धरा. आता उलट्या पावली."

त्याने सपाटीवर गाडी वळवली. बाशिंग बांधलेलं तोंड दरीकडे केलं, काजळीचा पिंप वेशीकडे. मान खिडकीबाहेर काढून, एका हाताने चाक फिरवत त्याने ती मागे सोडली. म्हणजे वर. इंजिनाचा आवाज बदलला. हिसके नाहीत, धापा नाहीत. बैल जड मोट ओढतो तसा एक सारखा, जाड, संथ सूर. आम्ही माणसाच्या चालीपेक्षाही हळू जात होतो, पण जात होतो. ज्या जागी गाडी बसली होती ती जागा मागे पडली. पोरं ओरडू लागली. हलगी परत सुरू झाली, आधी चाचपडत, मग कडाडून. बायका पदर तोंडाला लावून पुढे सरसावल्या. कुणी तरी "हर हर!" म्हटलं आणि सगळा चढ तेच म्हणू लागला.

पिंप करीला टेकला. दोर ताणला, आणखी ताणला. पानं थरथरली. यमनाप्पाने दात आवळले. आणि कर तुटली!

तुटलेला दोर तापलेल्या पिंपावर पडला आणि धुमसू लागला. बैलांचे पाय धुवायला आणलेली घागर सोनुबाईने त्यावर रिकामी केली. इतकी वाफ उठली, की क्षणभर वेस, माणसं, बैल, काहीच दिसेना. वाफेतून फक्त घुंगरं ऐकू येत होती.

वाफ निवळली तेव्हा भरमाण्णा समोर उभे होते.

"यमनाप्पा, बैल कवा ढुंगणानं कर तोडतोय का रं?"

गर्दी हसली. पण ते हसत नव्हते, म्हणून हळूहळू गर्दीही थांबली. यमनाप्पा गाडीतून खाली उतरला.

"आज्जा!" मागच्या बाकावरून चंपाचा आवाज आला. ती उभी राहिली होती, चेहरा घामाने आणि काजळीने माखलेला. "गाडी उलटी आली आसंल. आमची तोंडं तर येशीकडंच हुती की! आमी सरळ आलो."

भरमाण्णांनी बाकाकडे पाहिलं. खरंच होतं. रोज मागे पडणारा रस्ता बघत जाणाऱ्या त्या मुली आज वेस बघत बघत वर आल्या होत्या. मग त्यांनी आपल्या मानाच्या बैलासाठी आणलेल्या ताटातला गुलाल मुठीत घेतला आणि काजळीच्या पिंपावर उधळला.

"शर्त पोरींची हुती," ते म्हणाले. "पोरी सरळ आल्या. धाव्वी शिकू द्यात."

त्यानंतर जो गलका झाला तो मला लिहून सांगता येणार नाही. यमनाप्पाला खांद्यावर घेतलं. पिंपाला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. पाटलांच्या बैलाचा मान जायला नको, म्हणून दोराला गाठ मारून कर पुन्हा बांधली, आणि त्यानेही ती तोडली. माथेवाडीत त्या वर्षी दोन हंगाम सुरू झाले, असं लोक पुढे म्हणायचे.

वर्षभर कोळशाची गाडी आली. सकाळी विस्तव धरायला वेळ लागायचा, म्हणून सोनुबाई चूल पेटवायच्या आधी पिंप पेटवायची. मुलींच्या रिबिनी काळ्या पडायच्या. शेवटच्या चढाला रोज संध्याकाळी गाडी वळायची, आणि मुली वेशीकडे तोंड करून घरी जायच्या. पंचाहत्तरला एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल लागला. गंगव्वा आणि चंपा पहिल्या प्रयत्नात पास झाल्या, बाकीच्या पुढच्या वर्षापर्यंत झाल्याच.

एक्याऐंशी साली शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं. फळ्यावर विषय होता, उद्याची मोटार कशावर चालेल. मी यमनाप्पाला बोलायला बोलावलं, या वेळी खिडकीतून नव्हे. तो टोपी सारखी करत उभा राहिला आणि सगळं बैलांवर नेलं.

"बॅटरी म्हंजे गुणी बैल. लाथ न्हाय, डुरकणं न्हाय. पर वैरण लागली की बसतोय, आन् वैरण देणारी वीजच गावाला गेलेली असती. गोबरगॅस म्हंजे पोट मोठं, चाल थोडी. घरच्या चुलीला चांगला, रस्त्याला न्हाय. स्पिरिट म्हंजे खिल्लार. पळतोय बेस, पर मागनं पोलीसबी पळत्यात. आन् कोळसा म्हंजे म्हस. घाण, सावकाश, सकाळी लवकर उठत न्हाय. पर घरला आणून सोडती."

"मग उद्याची गाडी कुठली?" एका मुलीने विचारलं.

"बॅटरीचीच. मी चालवून बगितलीया. तिच्यासारखी सुरेख कुठलीच न्हाय. तिचं पोट जरा मोठं व्हाया पायजे, बास."

"मग तुम्ही कोळसा का घेतला?"

"उद्याची गाडी उद्या येती, पोरी. शाळा तवाच उघडत हुती."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. तो खाली बसला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "पुरं झालं का उत्तर, बाई?"

पुढे माथेवाडीला सरकारी बस सुरू झाली आणि पिकअप मोडीत गेली. पिंप त्याने विकला नाही. सोनुबाई त्यात आता जोंधळा ठेवते.

गंगव्वा सदलग्याच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. यमनाप्पा आणि सोनुबाई तिच्याकडेच राहतात. दुपारी तो तिचा डबा शाळेत नेऊन देतो, सायकलवरून.